दुःख, खंत आणि कीव : आपल्या मनाची नावे

अभ्यासासाठी वाचने : १ राजे १९:१-१८, लूक १५:२५-३२, २ करिंथ ७:८-११



आजचा अभ्यास माझ्या एका चुकीपासून सुरू करतो. ज्यांच्याबाबत ती घडली त्यांची परवानगी मी घेतली आहे. गाव आणि नाव सांगत नाही.

मी पूर्वी ज्या धर्मग्रामात होतो, तिथे एक गृहस्थ संध्याकाळच्या मिस्सानंतर मला भेटायला येत असत. त्यांची पत्नी वारून अकरा महिने झाले होते. ते देवळाच्या पायरीवर बसायचे आणि दर वेळी तेच सांगायचे : इस्पितळात उशीर कसा झाला, शेवटच्या रात्री ती काय म्हणाली, आता घरात पाऊल टाकवत नाही. मी सात-आठ वेळा ऐकले. एके दिवशी मी थकलो होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या लग्नाची तयारी बाकी होती. मी पटकन म्हणालो, "बाबा, आता पुरे. किती दिवस स्वतःची कीव करीत बसणार?"

ते उठले. "बरं, फादर," एवढेच म्हणाले. त्यानंतर आठ महिने ते देवळात दिसले नाहीत.

पुढे त्यांच्या बहिणीकडून मला कळले की त्यांना रात्र रात्र झोप लागत नव्हती, जेवण तुटले होते आणि डॉक्टरांनी नैराश्याच्या आजारावर औषधे सुरू केली होती. मी त्यांच्या घरी गेलो आणि माफी मागितली. त्यांनी चहा केला. चहा पिता पिता म्हणाले, "फादर, तुम्ही बोललात ते वाईट हेतूने नव्हतं. पण ते माझं दुखणं नव्हतं."

त्या एका वाक्याने मला पुष्कळ शिकवले. डॉक्टराने चुकीच्या रोगाचे नाव घेतले तर औषधही चुकीचे दिले जाते. मनाच्या दुखण्याचेही तसेच आहे. आपण सगळ्याला "दुःख" म्हणतो आणि सगळ्यांना एकच उपदेश करतो : "सोडून द्या", "प्रार्थना करा", "मन रमवा". म्हणून आज आपण या भावनांची नावे नीट पाहू या.

आपल्या भाषेतील शब्द

मराठी भाषा या बाबतीत श्रीमंत आहे. थोडे शब्द ओळीने घेऊ.

शोक. हा शब्द 'शुच्' या संस्कृत धातूपासून आला. त्याचा एक अर्थ जळणे असा आहे. प्रिय माणूस जाते तेव्हा मनात जी आग पडते ती शोक. त्याला कारण असते, त्या कारणाला चेहरा असतो. शोक म्हणजे प्रेमाचीच दुसरी बाजू होय. ज्याने प्रेम केले नाही त्याला शोक होत नाही.

विलाप. शोकाला वाचा फुटली की विलाप होतो. विलापाला नेहमी कोणीतरी ऐकणारा असतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडेल.

विषाद. 'वि' आणि 'सद्', म्हणजे खाली बसणे, खचणे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव 'अर्जुनविषादयोग' आहे हे आपण जाणता. तिथे अर्जुन धनुष्य टाकून रथात बसतो. हातपाय गळून माणूस बसून जातो तो विषाद. 'विषण्ण' हा शब्दही त्याच धातूचा.

उदास. मुळात 'उद्' आणि 'आस्', म्हणजे अलिप्त, बाजूला बसलेला. पूर्वी या शब्दात वैराग्याची छटा होती. आज आपण तो खिन्न माणसासाठी वापरतो. पण जुना अर्थ पूर्ण गेलेला नाही. उदास माणूस खरोखरच बाजूला बसतो. लग्नघरात असतो, पण लग्नात नसतो.

खंत आणि रुखरुख. आपल्या हातून जे झाले किंवा राहून गेले त्याचे दुःख म्हणजे खंत. ती बारीक पण सतत टोचत राहिली की रुखरुख. "आईला शेवटचं भेटायला जायला हवं होतं" ही रुखरुख होय. "वाटाणीत भावाला फसवलं" ही खंत. ती पुढे सरकली तर पश्चात्ताप होतो.

हळहळ. ही दुसऱ्यासाठी असते. शेजाऱ्याचा तरुण मुलगा अपघातात गेला की सारे गाव हळहळते.

हुरहूर. हिला नेमके कारण सांगता येत नाही. मुलगी सासरी गेली, मुलगा नोकरीसाठी आखातात किंवा कॅनडाला गेला, सगळे चांगले आहे, तरी तिन्हीसांजेला मन कातर होते. पोर्तुगीज भाषेत या भावनेच्या जवळचा 'सौदादी' असा शब्द आहे. गोव्याच्या मांडो गीतांमध्ये ती भावना भरून राहिलेली असते.

कुढणे. दुःख आत कोंडून त्यावर मनाने पुन्हा पुन्हा फिरत राहणे. कुढणारा माणूस बोलत नाही.

रडगाणे. हा शब्द किती चपखल आहे पाहा! रडणे आणि गाणे. गाण्याला ठरलेली चाल असते, ध्रुवपद असते, ते पुन्हा पुन्हा म्हटले जाते. दुःखाचे असे गाणे झाले की त्याला रडगाणे म्हणतात. कुढणारा ते मनात म्हणतो आणि रडतराऊत चारचौघांत म्हणतो, एवढाच फरक.

स्वतःची कीव म्हणजे काय?

इंग्रजी शिकलेली आपली मुले 'सेल्फ-पिटी' म्हणतात. मराठीत रोजच्या बोलण्यात यासाठी एकच असा शब्द नाही. लेखनात 'आत्मदया', 'आत्मकरुणा' असे शब्द दिसतात, पण घरात कोणी ते बोलत नाही. घरात आपण म्हणतो, "माझी मलाच कीव येते." हे वाक्य जरा उलगडून पाहू.

दया, करुणा, अनुकंपा आणि कीव हे शब्द सारखे वाटतात, पण एक नाहीत. 'अनुकंपा' म्हणजे दुसऱ्याचे दुःख पाहून त्याच्यासोबत आपणही कापणे. अनुकंपा करणारा शेजारी उभा असतो. कीव मात्र वरून खाली येते. ज्याची कीव येते तो आपल्यापेक्षा लहान, असहाय, काही करू न शकणारा असा आपण धरलेला असतो. म्हणूनच स्वाभिमानी माणूस म्हणतो, "मला मदत करा, पण माझी कीव करू नका."

आता माणूस स्वतःचीच कीव करतो तेव्हा काय होते? तो स्वतःचे दोन तुकडे करतो. एक खाली पडलेला बिचारा आणि दुसरा वर उभा राहून "अरेरे" म्हणणारा. गंमत अशी की या दोघांपैकी कोणीच काही करीत नाही. पडलेला उठत नाही, कारण तो बिचारा आहे. पाहणारा हात देत नाही, कारण त्याचे काम फक्त हळहळण्याचे आहे.

संत थॉमस अक्वायनस (मृत्यू १२७४) यांनी दयेवर लिहिताना हा प्रश्न घेतला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : दया ही नेमक्या अर्थाने दुसऱ्याविषयीच असते. स्वतःवर संकट आले तर जे होते ते दुःख, त्याला दया म्हणता येत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना मला हा नुसता शब्दांचा काथ्याकूट वाटला होता. आज वाटते की त्यात मोठे शहाणपण आहे. दुखत असेल तर "मला दुखते" म्हणा. ते सत्य आहे आणि ते म्हणायला लाज नको. पण "मी बिचारा" हे दुःख राहिलेले नसते. ते आपण स्वतःविषयी रचलेले मत असते.

इथे एक सावधगिरी सांगतो. याचा अर्थ स्वतःशी कठोर वागा असा नाही. बेनसिराच्या ग्रंथाच्या ३० व्या अध्यायात स्वतःला दुःखाच्या हवाली करू नये, मनाला धीर द्यावा आणि दुःख दूर घालवावे असा सल्ला आहे. अलीकडे मानसशास्त्रातही यावर अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःविषयीच्या करुणेची तीन अंगे मांडली : स्वतःशी ममतेने वागणे, आपले दुःख सगळ्या माणसांच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाचाच भाग आहे हे ओळखणे, आणि त्या दुःखात वाहून न जाता त्याकडे सजगपणे पाहणे. यातले दुसरे अंग महत्त्वाचे आहे. "माझ्यासारखे अनेक आहेत" असे म्हणणारा स्वतःला सांभाळतो. "माझ्यासारखा मीच" म्हणणारा स्वतःची कीव करतो.

वाळवंटातील अनुभव

ख्रिस्तसभेत या विषयाचा अभ्यास फार जुना आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात अनेक संन्यासी राहत होते. त्यांच्यापैकी इवॅग्रियस (मृत्यू ३९९) यांनी माणसाला छळणाऱ्या आठ वाईट विचारांची यादी केली. त्यात त्यांनी 'दुःख' आणि 'अकेदिया' असे दोन वेगळे विचार सांगितले. अकेदिया या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'काळजी नसणे', कशाचीच आस्था न उरणे.

इवॅग्रियस यांनी केलेले तिचे वर्णन कोणत्याही काळातल्या माणसाला ओळखता येईल. दुपारची वेळ. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, दिवस पन्नास तासांचा झाल्यासारखा वाटतो. संन्यासी खिडकीतून बाहेर पाहतो, जेवणाची वेळ झाली का म्हणून पुन्हा सूर्याकडे पाहतो. आपली जागा, आपले काम नकोसे होते. बंधूंमध्ये प्रेम उरले नाही, आपल्याला धीर देणारे कोणी नाही असे वाटते. कोणी पूर्वी दुखावले असेल तर तेही नेमके तेव्हाच आठवते. मग दुसरीकडे गेलो तर बरे होईल, असा विचार येतो.

संत जॉन कॅसियन यांनी हा विचार पाचव्या शतकात लॅटिन भाषेत नेला. पुढे पोप महान संत ग्रेगरी (पोपपदाचा काळ ५९० ते ६०४) यांच्या यादीत अकेदियाला वेगळी जागा राहिली नाही आणि 'दुःख' तेवढे राहिले. नंतरच्या काळात त्याचेच 'आळस' झाले. आपण धर्मशिक्षणात सात मुख्य पापांमध्ये 'आळस' पाठ केला तो हाच. पण पाहा, वाटेत किती अर्थ सांडला! सकाळी उशिरा उठणाऱ्या मुलाला आपण आळशी म्हणतो. वाळवंटातल्या त्या संन्याशांना अंथरुणाचा आळस अभिप्रेत नव्हता. चांगल्या गोष्टीचाही आनंद होत नाही, देवानेही आपल्याला टाकले असे वाटते, त्या अवस्थेविषयी ते बोलत होते.

संत थॉमस यांनी जुन्या आचार्यांना अनुसरून दुःखाचे जे चार प्रकार सांगितले तेही इथे आठवावेत. पहिला, मन जड करून कामच थांबवणारी अकेदिया. दुसरा, सुटकेची वाट दिसत नाही अशी चिंता. तिसरा, दुसऱ्याचे वाईट झाल्याचे दुःख, म्हणजे दया. आणि चौथा, दुसऱ्याचे चांगले झाल्याचे दुःख, म्हणजे मत्सर. दया आणि मत्सर ही दोन्ही दुःखेच! एक माणसाला जोडते, दुसरे तोडते.

पवित्र शास्त्रातील तीन माणसे

*एलिया.* कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळाल्यावर एलिया ईजबेल राणीच्या भीतीने पळतो. रानात एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देव त्याला काय करतो? रागावत नाही, उपदेशही करीत नाही. एलिया झोपतो. देवदूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो. तो पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवून खाऊ घालतो. आधी झोप, अन्न आणि स्पर्श. बोलणे चाळीस दिवसांनंतर, होरेब डोंगरावर.

तिथे देव त्याला विचारतो की तू इथे काय करतोस. एलिया आपली कैफियत सांगतो आणि मी एकटाच उरलो असे म्हणतो. मग वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटी मंद शांत वाणी. देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो. आता दहावे आणि चौदावे वचन शेजारी शेजारी ठेवून वाचा. एलियाचे उत्तर जसेच्या तसे तेच आहे! एवढे दर्शन झाले तरी त्याची तक्रार हललेली नाही. शोकाचे रडगाणे इथे झालेले दिसते. आणि इथे देव त्याला तीन कामे देऊन परत पाठवतो. शिवाय सांगतो की इस्राएलात आणखी सात हजार माणसे विश्वासू राहिली आहेत. "मी एकटाच" हे एलियाचे वाक्य खरे नव्हते. पण देवाने ते खोडण्याआधी त्याला दोनदा जेवू घातले, हा क्रम विसरू नका.

*योना.* निनवेचे लोक वाचले म्हणून योना रुसून शहराबाहेर बसला. सावली देणारे झाड वाळले म्हणून तो मरण मागू लागला. एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांच्या शहरापेक्षा त्याला स्वतःची सावली मोठी वाटली. देव त्याला प्रश्न विचारतो आणि ग्रंथ त्या प्रश्नावरच संपतो. स्वतःची कीव करणाऱ्याच्या मनात दुसऱ्याच्या दुःखाला जागा उरत नाही, ही तिची सर्वात सोपी खूण आहे.

*थोरला भाऊ.* उडाऊ पुत्राच्या दाखल्यातील थोरला मुलगा घरातून वाद्यांचा आवाज ऐकतो आणि आत जात नाही. त्याच्याकडे हिशेब तयार असतो : इतकी वर्षे राबलो, पण मित्रांबरोबर मौज करायला एक करडूसुद्धा मिळाले नाही. त्याचे राबणे खरे आहे. पण खऱ्या कष्टांचा त्याने असा हिशेब केला की त्याला घरातले गाणेही अपमान वाटू लागले. बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो. तो आत गेला की नाही हे प्रभू सांगत नाही.

या तिसऱ्या माणसाला मी चांगला ओळखतो. धर्मगुरू झाल्यावर काही वर्षांनी माझ्या बरोबरीच्या एका मित्राला उच्च शिक्षणासाठी पाठवण्यात आले, मला नाही. मी तोंडाने अभिनंदन केले आणि मनात वर्षभर हिशेब मांडला. किती रविवार, किती अंत्यविधी, किती सभा मी केल्या! एका वडीलधाऱ्या धर्मगुरूंच्या ते लक्षात आले. त्यांनी मला काही समजावले नाही. दृष्टी गेलेल्या एका वृद्ध फादरांना रोज दुपारी वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम मला लावून दिले. ते फादर क्रिकेटच्या बातम्या आधी वाचायला सांगत आणि विनोदावर मोठ्याने हसत. महिनाभराने माझ्या लक्षात आले की बरेच दिवस मी हिशेबाची वही उघडलेलीच नाही.

विलाप करायचा की नाही?

"मग रडायचेच नाही का, फादर?" असे कोणी विचारील. रडायचे! लाजरसच्या कबरेजवळ प्रभू येशू रडला. यरुशलेम पाहून तो रडला. गेथशेमाने बागेत त्याने आपले दुःख लपवले नाही. मित्रांना जवळ थांबायला सांगितले. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे विलापाची आहेत. त्यांतील बहुतेक स्तोत्रे शेवटी विश्वासाकडे वळतात, पण ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते. ख्रिस्तसभेने तेही प्रार्थनेत ठेवले आहे.

फरक कुठे आहे? विलापाला ऐकणारा असतो, हे मघाशी सांगितले. स्तोत्रकर्ता देवाला "तू" म्हणून हाक मारतो, भांडतो, जाब विचारतो. तो देवाकडे तोंड करून रडतो. स्वतःची कीव करणारा आरशाकडे तोंड करून रडतो. संत पौलानेही करिंथकरांना लिहिताना दोन दुःखे वेगळी केली आहेत. देवाला मान्य असलेले दुःख पश्चात्तापाकडे आणि तारणाकडे नेते, जगाचे दुःख मरणाकडे नेते. दुःख किती मोठे हा प्रश्न नाही. ते आपल्याला कुठे नेते, हा प्रश्न आहे.

संत थॉमस यांचे पाच उपाय

एवढा मोठा तत्त्वज्ञ, पण दुःखावर त्यांनी दिलेले उपाय आपल्या आजीने सांगावेत तसे आहेत.

१. काही तरी आनंद देणारे करा. थकलेल्या शरीराला विश्रांती तसा दुखऱ्या मनाला आनंद.

२. रडा. आत कोंडलेली गोष्ट जास्त दुखवते, बाहेर आली की मन हलके होते.

३. मित्राला सांगा. ओझे दोघांनी उचलले की हलके लागते. शिवाय आपल्यावर कोणाचे तरी प्रेम आहे हे कळते, आणि तोच मोठा दिलासा असतो.

४. सत्याचे चिंतन करा. आपल्या दुःखापेक्षा मोठे काही आहे, त्याकडे पाहा.

५. झोप आणि स्नान.

पाचव्या उपायासाठी त्यांनी संत ऑगस्टीनचा दाखला दिला आहे. इ. स. ३८७ मध्ये आई संत मोनिका वारली तेव्हा ऑगस्टीनने आधी अश्रू दाबून धरले. स्नान केले, पण दुःख धुतले गेले नाही. मग झोप घेतली, उठल्यावर ते थोडे हलके झालेले जाणवले. संत अँब्रोजचे एक गीत आठवले आणि शेवटी आईसाठी पोटभर रडला. स्नान, झोप, गीत आणि अश्रू! देवाने आपल्याला शरीर दिले आहे, हे आपण दुःखात विसरतो.

यात संत इग्नेशियस यांचा एक नियम जोडतो : मन उजाड झाले असेल तेव्हा आधी केलेला चांगला निश्चय बदलू नका. नोकरी सोडणे, जमीन विकणे, भावाशी बोलणे बंद करणे, मंडळाचा राजीनामा देणे असे निर्णय त्या दिवसांत घेऊ नका. उजेड आल्यावर घ्या.

आजार असेल तर

आता सर्वात महत्त्वाचे. माझी चूक इथेच झाली होती. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, "मी कोणाच्या उपयोगाचा नाही" असे वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते. नैराश्य हा आजार आहे, पाप नव्हे. विश्वास कमी पडला म्हणून तो होत नाही, तसा तो मधुमेहही होत नाही. अशा माणसाला "कीव करू नकोस" म्हणणे म्हणजे पाय मोडलेल्याला "चालायला लाग" म्हणणे होय. त्याला डॉक्टरांकडे न्या, सोबत जा. जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी केली तर ती हसण्यावारी नेऊ नका, त्याला एकटे सोडू नका. भारत सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

आणि दुसऱ्याविषयी बोलताना एक नियम पाळू या. "तू स्वतःची कीव करतोस" हे वाक्य दुसऱ्याला म्हणण्यासाठी नाही. ते फक्त स्वतःला, आणि तेही हळू आवाजात, विचारण्यासाठी आहे. दुसऱ्याचे रडगाणे आहे की विलाप, हे ठरवण्याची घाई आपण करू नये. देवाने एलियाचे तेच उत्तर दोनदा ऐकून घेतले.

ते गृहस्थ आता पुन्हा देवळात येतात. पत्नीने लावलेल्या मोगऱ्याची फुले दर शनिवारी वेदीसाठी आणून देतात. मी तिथून बदलून आलो, तरी फोन होतो. अजूनही कधीतरी ते इस्पितळातला तो उशीर सांगतात. मी ऐकतो.

लहान समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. माझे दुःख मी कोणाला सांगतो? देवाला, माणसाला, की फक्त स्वतःला?

२. माझी तक्रार दर वेळी त्याच शब्दांत असते का? त्यातले "मी एकटाच" हे वाक्य खरे आहे का?

३. माझ्या दुःखाच्या दिवसांत दुसऱ्या कोणाच्या दुःखाची मला हळहळ वाटली का?

४. आपल्या वाडीत, आळीत असे कोण आहे की ज्याला आधी भाकर आणि झोप हवी आहे, आणि आपण त्याला उपदेश देत आहोत?

प्रार्थना : हे प्रभो, तू आमचे अश्रू जाणतोस. जिथे शोक आहे तिथे आम्हांला रडू दे, जिथे खंत आहे तिथे तुझ्याकडे वळू दे, आणि जिथे आम्ही स्वतःचीच कीव करीत बसलो आहोत तिथे आम्हांला भाकर देऊन उठव आणि कामाला पाठव. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू